शौचाच्या जागी न दुखणारी गाठ हाताला लागली, तर

आंघोळ करताना किंवा शौचानंतर धुताना हाताला काहीतरी लागतं. कालपर्यंत नव्हतं, निदान लक्षात तरी आलं नव्हतं. दुखत नाही, ठणकत नाही. अशा वेळी काही जण रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर कॅन्सरची माहिती वाचत बसतात. काही जण मेडिकलमधून मूळव्याधीची ट्यूब आणून गुपचूप लावायला लागतात. घरात सांगायची सोय नसते आणि डॉक्टरांकडे जायची लाज वाटते, म्हणून महिने असेच जातात. गाठ कशाची आहे, हे मात्र यातल्या कशानेच कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय केलेला कुठलाही उपचार म्हणजे अंदाजपंचे काम.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अशा बहुतेक गाठी साध्या असतात. पण ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा हिशोब या जागेला लागू पडत नाही.

दुखत का नाही?

गुदमार्ग जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याच्या साधारण मध्यावर आतून एक दातेरी कडा असते. त्या कडेच्या खालच्या त्वचेला टोचल्याचं, कापल्याचं, भाजल्याचं सगळं जाणवतं, किंबहुना शरीरातल्या सर्वांत हळव्या जागांपैकी ही एक. कडेच्या वरच्या अस्तराला मात्र ताण आणि दाब कळतो, कापल्याची वेदना कळत नाही. त्यामुळे आतल्या मूळव्याधीचे मोड बाहेर आले तरी एरवी दुखत नाहीत. गुदाशयात वाढणारा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची मांसल वाढ, दुखत नाही, आणि तिथला कॅन्सरही सुरुवातीला दुखत नाही. बाहेरच्या त्वचेवर दुखत नाहीत त्या सूज नसलेल्या गोष्टी: कातडीचा जुना कोंब, चामखीळ, चरबीची किंवा त्वचेखालची पिशवीसारखी गाठ.

थोडक्यात, वेदना नसणं ही एक माहिती आहे. तेवढ्यावरून निदान होत नाही.

पायरी पहिली: एकदा नीट बघा

शौचाला जाऊन, धुऊन, कोरडं करून मग बघा. दार लावून, चांगल्या उजेडात, हातातला छोटा आरसा जमिनीवर ठेवून त्यावर उकिडवं बसलं की बहुतेकांना दिसतं. गुडघे धरले असतील तर एक पाय स्टुलावर ठेवून आरसा मागून धरावा. फोटो काढायचा असेल तर काढा, डॉक्टरांना दाखवायला तो उपयोगी पडतो, विशेषतः जोर केल्यावरच बाहेर येणाऱ्या गाठीचा. फक्त फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर किंवा घरातल्या सामायिक अल्बममध्ये जात नाहीत ना, हे आधी तपासा. तो फोटो कुटुंबाच्या टीव्हीवर झळकला की उरलेली सगळी लाज एकदमच जाते.

बघायचं काय? पहिलं म्हणजे जागा. डॉक्टर ही जागा घड्याळाच्या काट्यांवरून सांगतात: उताणं झोपल्यावर जननेंद्रियाकडची बाजू १२, माकडहाडाकडची ६. बरोबर ६ वर कातडीचा कोंब असेल तर शेजारी जुनी फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या त्वचेला पडलेली चीर, असण्याची शक्यता मोठी. बायकांमध्ये तो १२ वरही असतो. आतल्या मूळव्याधीचे मोड सहसा ३, ७ आणि ११ च्या आसपास असतात.

मग स्पर्श. बोट धुऊन हलकेच लावा. मऊ, लोंबणारी, चिमटीत येणारी? की कडक, खाली चिकटलेली, हलवता न येणारी? पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत? एकच की आजूबाजूला आणखी बारीक बारीक? रंग त्वचेसारखा, की ओलसर लाल, की निळसर काळा? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: गाठ कायम बाहेर असते, की शौचाच्या वेळी येते आणि नंतर आत जाते?

हे एका कागदावर, तारीख टाकून लिहा. दर दोन दिवसांनी चाचपून बघायची गरज नाही. सारखं दाबल्याने साधी गाठही सुजते आणि मग ‘वाढली की काय’ ही नवी चिंता सुरू होते.

पायरी दुसरी: काय असू शकतं

सर्वांत जास्त आढळतो तो कातडीचा कोंब, म्हणजे स्किन टॅग. त्वचेच्याच रंगाचा, मऊ, सुरकुतलेला. आठवून बघा: काही महिन्यांपूर्वी त्याच जागी अचानक टपोरी, निळसर, बसता येणार नाही इतकी दुखरी गाठ आली होती का? बाहेरच्या शिरेत रक्त गोठून ती होते. पहिले दोन-तीन दिवस जीव नको करते, दुखणं आठ-दहा दिवसांत ओसरतं, गाठ काही आठवड्यांत जिरते आणि मागे ताणलेली कातडी ठेवून जाते. बाळंतपणानंतर किंवा फिशर जुनी झाल्यावरही असा कोंब उरतो. तो कॅन्सरमध्ये बदलत नाही. त्रास असतो तो स्वच्छतेचा: पुसलं तरी पूर्ण पुसलं जात नाही, ओलसरपणा राहतो, खाज येते.

दुसरे आतल्या मूळव्याधीचे मोड. याच्या चार श्रेणी आहेत आणि पुढचा उपचार बराचसा श्रेणीवरच ठरतो, म्हणून त्या माहीत असाव्यात. पहिल्या श्रेणीत मोड आतच असतात, फक्त रक्त पडतं; हाताला काही लागत नाही. दुसऱ्या श्रेणीत जोर केल्यावर बाहेर येतात आणि आपोआप आत जातात. तिसऱ्या श्रेणीत बोटाने ढकलावे लागतात. चौथ्या श्रेणीत ढकलूनही आत राहत नाहीत. स्पर्शाला ओलसर, मऊ, लालसर. आणि शौचाच्या शेवटी लालभडक रक्ताचे थेंब.

पूर्ण गोलाकार, एकात एक वळ्या असलेला भाग बाहेर येत असेल तर ती मूळव्याध नसून गुदभ्रंश असू शकतो. वयस्कर बायकांमध्ये हे जास्त दिसतं. ‘अंग बाहेर येतं’ असं म्हणून कित्येक जणी वर्षानुवर्षं सोसत राहतात आणि कपड्याला डाग पडतो म्हणून लग्नकार्याला जाणं सोडतात. याला उपचार आहे.

चामखिळी वेगळ्या ओळखू येतात. खरखरीत, टोकदार, एकाच्या अनेक होणाऱ्या, वाढल्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या दिसणाऱ्या. या एचपीव्ही विषाणूमुळे होतात, बहुतेकदा त्याच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे. संसर्ग त्वचेच्या जवळच्या संपर्कातून होतो, त्यासाठी गुदसंभोगच झालेला असतो असं नाही. संपर्कानंतर चामखीळ दिसायला कित्येक महिनेही लागू शकतात, त्यामुळे ‘कोणाकडून, कधी’ याचा छडा लावत संसारात भांडण पेटवण्यात अर्थ नाही. ओलसर, चपट्या, करड्या रंगाच्या गाठी असतील तर सिफिलिसचीही शक्यता डॉक्टर तपासतात.

एक लहानसा उंचवटा, जो मधूनच फुगतो, फुटून पू किंवा पाणी येतं, मग महिनाभर शांत बसतो, तो बहुधा भगंदराचं, म्हणजे गुदमार्गातून त्वचेपर्यंत तयार झालेल्या वाटेचं, बाहेरचं तोंड. मधल्या काळात अजिबात दुखत नाही म्हणून फसवतो. पूर्वी त्या जागी गळू झालं असेल तर शंका आणखी पक्की.

उरल्या त्वचेखालच्या गोल, सरकणाऱ्या गाठी आणि चरबीच्या गाठी. त्या बहुतेक निरुपद्रवी असतात.

आणि कॅन्सर. गुदद्वाराचा कॅन्सर इतर कॅन्सरांच्या मानाने कमी आढळतो. कडक, वेड्यावाकड्या कडांची, न भरणाऱ्या जखमेची, आठवड्यागणिक वाढणारी गाठ. सोबत जांघेत गाठी. शौचाची सवय बदललेली. एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, धूम्रपान, गर्भाशयमुखाचा एचपीव्हीचा आजार या सगळ्यांनी धोका वाढतो. लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की गुदद्वाराच्या त्वचेच्या कॅन्सरवर बहुतेकदा आधी रेडिएशन आणि किमोथेरपी एकत्र देतात आणि अनेकांचं गुदद्वार काढावं लागत नाही. ‘शौचासाठी पोटाला पिशवी लावतील’ या भीतीने लपवत राहिलं, तर मात्र ती पाळी येण्याची शक्यता वाढते.

पायरी तिसरी: किती घाई करायची

त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठा, जर:

- गाठ अचानक दुखायला, गरम लागायला लागली आणि ताप आला. हे गळू असू शकतं. मधुमेह असेल तर तासांचाही उशीर नको, कारण संसर्ग मांडीच्या आणि अंडकोशाच्या त्वचेखाली वेगाने पसरतो.
- बाहेर आलेला भाग आत जात नाही, सुजून काळानिळा पडतोय.
- रक्त थांबत नाही, चक्कर येते.
- पोट फुगलंय, शौच आणि वायू दोन्ही बंद झालेत.

एक-दोन आठवड्यांच्या आत दाखवा, जर गाठ कडक किंवा वाढती असेल, जखम भरत नसेल, वजन कमी होत असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल, शौच बारीक किंवा वेळीअवेळी होत असेल, किंवा रक्तासोबत शेम पडत असेल. वय ४५ च्या पुढे असून रक्त पहिल्यांदाच दिसलं असेल, किंवा आई-वडील, भावंडं यांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर नुसत्या ट्यूबवर समाधान मानू नका. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, लागेल का, हे स्वतःहून विचारा. मूळव्याध असलेल्या माणसाला वरच्या भागात दुसरा आजारही असू शकतो आणि ‘मला मूळव्याध आहेच’ या गृहीतकामागेच तो लपतो.

बाकी सगळ्यांनी, म्हणजे मऊ, न वाढणारी, रक्त नसलेली गाठ असलेल्यांनी, महिनाभरात एकदा दाखवून यावं. एकदाच. नंतर निश्चिंत राहता येतं.

पायरी चौथी: कोणाकडे जायचं आणि तिथे काय होतं

जनरल सर्जनकडे जावं. मोठ्या शहरात कोलोरेक्टल सर्जन मिळतात. सरकारी रुग्णालयात शल्यचिकित्सा विभागाची ओपीडी विचारावी. चामखिळींसाठी त्वचारोगतज्ज्ञही चालतात. शिवाय सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक संसर्गाची तपासणी आणि उपचार मोफत होतात, एचआयव्हीची चाचणीही तिथूनच होते.

लोक सर्वांत जास्त घाबरतात ते तपासणीला, म्हणून ती कशी असते ते सांगतो. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगतात. वर चादर असते. डॉक्टर आधी नुसतं बाहेरून बघतात, कुंथायला सांगतात. मग हातमोजा आणि जेली लावून एक बोट आत घालून चाचपतात. त्या क्षणी शौचाला लागल्यासारखं वाटतं. तोंडाने सावकाश श्वास सोडला की स्नायू सैल पडतात. त्यानंतर बोटाएवढी नळी, प्रॉक्टोस्कोप, आत घालून प्रकाशात बघतात. सगळं मिळून दोन-चार मिनिटं. फिशरमुळे खूप दुखत असेल तर बोट घालण्याचा आग्रह धरू नये, हे चांगला डॉक्टर जाणतो. तुम्हीही सांगू शकता. पुरुष डॉक्टर असतील तर नर्स किंवा घरातली बाई सोबत असावी असं म्हणण्याचा पूर्ण हक्क बायकांना आहे.

आदल्या दिवशी एनिमा किंवा जुलाब घ्यायची गरज नसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, आधी झालेली ऑपरेशनं यांची यादी न्या. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: न तपासता, खुर्चीत बसवूनच ‘मूळव्याध आहे, लेझर करून टाकू’ असं कोणी म्हणालं, तर उठून दुसरीकडे जावं.

पायरी पाचवी: घरी काय करायचं, काय नाही

कातडीचा कोंब घरगुती उपायांनी जात नाही. मलमाने विरत नाही, गोळीने वाळत नाही. इथे फक्त स्वच्छता आणि मऊ शौच, एवढंच आपल्या हातात. धुताना जेट स्प्रेचा फवारा जोरात मारू नका, साबण घासू नका. साधं पाणी आणि मग मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करणं पुरे. ओले वाइप्स टाळा, त्यातल्या सुगंधाने खाज वाढते.

मूळव्याधीच्या मोडांना मात्र घरच्या उपायांनी खरोखर फरक पडतो, कारण मूळ प्रश्न कुंथण्याचा असतो. रोज २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळी, मटकी-चवळी, पालेभाजी, पेरू, पपई हे आपल्याकडे आहेच; बिघडतं ते मैद्याचे पाव-बिस्किटं आणि पांढऱ्या भातावर दिवस काढल्याने. जेवणातून भागत नसेल तर इसबगोल, १ ते २ चमचे, मोठा ग्लासभर पाण्यातून लगेच प्यायचं. पाण्यात घालून ठेवलं की त्याची खळ होते आणि गिळवत नाही. कमी पाण्यासोबत घेतलं तर उलट शौच आणखी घट्ट होतं. पहिले काही दिवस पोटात वायू धरतो, म्हणून अर्ध्या चमच्याने सुरुवात करावी. थायरॉइडच्या किंवा इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. सोनामुखीची जुलाबाची चूर्णं मात्र रोजची करू नका.

संडासात पाच मिनिटांवर बसायचं नाही, आणि मोबाइल बाहेर. माझ्या मते एवढ्या एका बदलाने जितका फरक पडतो, तितका बाजारातल्या अर्ध्या औषधांनीही पडत नाही. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या म्हणजे उकिडवं बसल्यासारखी बैठक होते. शौचाची भावना आली की मीटिंग संपायची वाट बघू नका.

कोमट पाण्याच्या टबात १० ते १५ मिनिटं बसणं दुखण्यावर आणि सुजेवर आराम देतं. त्यात मीठ, डेटॉल, पोटॅशियम परमँगनेट काही घालायची गरज नाही. पाणी मनगटावर घेऊन बघा, चटका बसता कामा नये. न दुखणाऱ्या कोंबावर याचा काही परिणाम होत नाही.

ट्यूबमध्ये बधिर करणारं औषध असतं, अनेकींत स्टेरॉइडही. आठवडाभरापेक्षा जास्त स्वतःच्या मनाने लावल्यास त्वचा पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग पसरतो.

आता जे मुळीच करू नये ते. कोंबाला केस किंवा दोरा बांधून गाळायचा प्रयत्न, ब्लेडने कापणं, चामखिळीवर चुना किंवा हातापायाच्या चामखिळीचं ॲसिड लावणं. आणि बिब्बा. बिब्बा उतला की कातडी सोलून निघते आणि या जागी ते किती भयंकर होतं, याची कल्पनाच करा. एसटी स्टँडबाहेरच्या ‘मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन, शंभर टक्के हमी’ अशा पाट्यांच्या आडची इंजेक्शनंही तशीच. त्यात काय आहे ते कोणी सांगत नाही. नंतर गुदद्वार आक्रसून अरुंद झालेले रुग्ण सर्जनकडे येतात. दातेरी कडेच्या वर, नेमक्या जागी, प्रशिक्षित डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट.

पायरी सहावी: उपचार ठरवताना

साधा कोंब काढावाच लागतो असं नाही. खाज, अस्वच्छता किंवा मनाला खटकणं, एवढीच कारणं. जागा बधिर करून काढतात, त्याच दिवशी घरी जाता येतं, पण पहिले काही दिवस दुखतं आणि जखम भरायला दोन-चार आठवडे लागतात. शेजारी फिशर असेल तर आधी तिचा इलाज. क्रोन्स हा आतड्याचा आजार असेल तर कोंबाला हात लावत नाहीत, जखम चिघळते.

दुसऱ्या आणि निवडक तिसऱ्या श्रेणीच्या मूळव्याधीला रबर बँड लावणं हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. ओपीडीतच होतो. बँड दातेरी कडेच्या वर बसतो म्हणून फारसं दुखत नाही. मोड सुकून पाच ते दहा दिवसांत गळतो, तेव्हा थोडं रक्त जातं. मोठ्या मोडांना ऑपरेशन, स्टेपलर किंवा लेझर. लेझर वाईट नाही, पण त्याची जाहिरात गरजेपेक्षा मोठी आहे. विचारा: माझी श्रेणी कोणती, बँडने भागणार नाही का, पुन्हा होण्याची शक्यता किती? आरोग्य विमा नवा असेल तर पॉलिसी काढून वाचा. अनेक पॉलिसींत मूळव्याध, फिशर, भगंदर यांच्यासाठी पहिली दोन वर्षं भरपाई मिळत नाही.

भगंदर औषधाने सुकत नाही. त्याच्या मार्गाचा नकाशा काढण्यासाठी एमआरआय करतात आणि मग शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र, म्हणजे त्या मार्गात औषधी लेपाचा दोरा बांधण्याचा आयुर्वेदिक उपचार. क्षारसूत्राची तुलना शस्त्रक्रियेशी आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने केली होती. त्यात क्षारसूत्राने जखम भरायला वेळ जास्त लागला, पण भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं. मात्र ते शिकलेल्या वैद्याकडूनच घ्यावं.

चामखिळी जाळून, गोठवून किंवा औषध लावून काढतात. परत येऊ शकतात, म्हणून काही महिने तपासणी चालू ठेवावी लागते. जोडीदारानेही तपासून घ्यावं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस एचपीव्हीच्या ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे. असलेली चामखीळ तिने जात नाही, पण घरातल्या किशोरवयीन मुलीसाठी ती वेळेवर घेण्याचा विचार जरूर करावा.

गरोदरपण आणि लहान मुलं

शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर मोड येणं खूप सामान्य आहे. बरेचसे काही आठवड्यांत बसतात. तोवर चोथा, पाणी, कोमट पाण्यात बसणं. मलम किंवा गोळी प्रसूतितज्ज्ञांना विचारूनच. ऑपरेशनची घाई नको.

लहान मुलांना मूळव्याध क्वचितच होते. शी करताना लालभडक गोळा बाहेर येत असेल आणि न दुखता रक्त पडत असेल तर तो बहुधा पॉलिप असतो, दुर्बिणीतून काढता येतो. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांचा गुदभ्रंश जंत, जुलाब, कुपोषण किंवा घट्ट शौचामुळे होतो आणि कारण दूर झालं की बहुतेकदा थांबतो. मुलाला तिथे चामखिळी दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांकडे न्याच.

आणि मोठ्यांचं असो वा मुलांचं, या जागेवरून जे काही काढलं जाईल ते फेकू न देता बायोप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, पाठवायला सांगा. रिपोर्ट हातात आल्यावर तो दाखवायला परत जा आणि त्याची एक प्रत फाइलमध्ये लावून ठेवा.